चेंडू कोणाच्या हातात होता

डेल्मर पिकन्सनं आजवर किती अनोळखी माणसांना मूठमाती दिली, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आमच्या हॅडलक गावात किंवा आसपासच्या वस्त्यांत कोणी गेलं, आणि जाणारा कॉलेजच्या फुटबॉल संघाचा भक्त असला (नसलेला माणूस आमच्याकडे मेल्याचं मला आठवत नाही), की शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत डेल्मर हवाच, अशी रीत पडून गेली होती. आमच्याकडे पेटी खांद्यावर घेत नाहीत. दोन्ही बाजूंच्या कड्यांना धरून मांडीच्या उंचीवरून नेतात. पुढची डावी कडी डेल्मरची. अंगात कॉलेजचा हिरवा कोट. निधनवार्तेत मुलानातवंडांच्या खाली त्याचं नाव छापून यायचं आणि ते वाचून लोक म्हणायचे, चला, म्हाताऱ्याचं सोनं झालं. शरदातल्या शनिवारी गावात सामना असेल तर मात्र अंत्यविधी ठेवत नाहीत. मेलेल्या माणसालाही ते मान्य असतं असं आम्ही धरून चालतो.

पोटासाठी डेल्मरनं परगण्याच्या पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला. कडाक्याच्या थंडीत रस्ता खणून फुटलेले नळ जोडले. गावातलं एकही घर असं नसेल, ज्याचं पाणी त्याच्या हाताखालून गेलं नाही. पण पाणी आलं की कोणाला डेल्मर आठवत नसे. डेल्मर म्हटलं की लोकांना आठवायचा तो एकाहत्तर सालचा एक शनिवार.

त्या शनिवारी बॅस्कम कॉलेजशी सामना होता. आमच्या फुटबॉलला पाय लागतो तो पळण्यापुरताच. चेंडू काखोटीला मारायचा आणि अंगावर येणाऱ्या गर्दीतून पलीकडची रेघ गाठायची, असा तो खेळ. आठवडाभर पाऊस पडून मैदानाची दलदल झाली होती. कृष्णवर्णीय मुलांना संघात घ्यायला कॉलेजनं त्याच वर्षी सुरुवात केली होती. अशी दोन मुलं घेतली होती, त्यांतला एक लूशस बर्डसॉन्ग. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही हरत होतो. लूशसनं चेंडू घेतला. त्याला वाट करून द्यायचं काम डेल्मरचं. डेल्मरनं बॅस्कमच्या दोघांना आडवं केलं आणि त्यांच्याबरोबर स्वतःही चिखलात तोंडावर पडला. लूशस त्याच्यावरून उडी मारून निघाला तो थेट पलीकडच्या रेघेपर्यंत. सामना जिंकला.

प्रेक्षकांच्या बाकांच्या वर असलेल्या खोलीत, धुकं धरलेल्या काचेमागे क्लाइड मॅब्री रेडिओवर सामन्याचं वर्णन करत होता. चिखलानं बावीसच्या बावीस मुलं एका रंगाची झाली होती. आमच्या परगण्याच्या इतिहासात असा दिवस बहुधा तो एकच. त्या एकरंगी गर्दीतून एक मुलगा चेंडू घेऊन सुटला, तेव्हा क्लाइडला एक नाव निवडावं लागलं. त्यानं डेल्मर पिकन्सचं निवडलं. का, ते त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. मी शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळे अशा गोष्टी कशा होतात ते मला थोडंफार ठाऊक आहे. सामना पाहायला मैदानात माणसं होती ती थोडीच. रेडिओ सगळ्या परगण्यानं ऐकला.

डेल्मरनं ते पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करायचा प्रयत्न केला. संघाच्या जेवणावळीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "चेंडू माझ्याकडे नव्हता, लूशसकडे होता." मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नम्रता या विषयावर प्रवचन केलं, त्यात ख्रिस्तानंतर डेल्मरचं नाव आलं. नुसता शूर खेळाडू गावाला एखाददुसरा हंगाम पुरतो. शूर असून नम्र म्हटल्यावर तो आम्हाला जन्मभर पुरला. डेल्मर पुढं जिथं जाईल तिथं तेच खरं सांगत राहिला, आणि लोक ते ऐकण्यासाठीच त्याला बोलावत राहिले.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी चर्चनंतर मी डेल्मरच्या ओसरीवर गार गोड चहा पीत बसलो होतो. मी त्याचा शेजारी. एक जुना ट्रक येऊन थांबला आणि त्यातून पन्नाशीची एक बाई आणि तिचा धिप्पाड भाऊ उतरले. मार्लीन आणि वेड थ्रॅशर. वेडनं डोक्यावरची हिरवी टोपी काढून छातीशी धरली.

"मिस्टर डेल्मर, उगाच त्रास द्यायला आलो नाही आम्ही," मार्लीन म्हणाली.

"बसा आधी," डेल्मरची बायको नेल म्हणाली. "त्रास द्यायला येणारेही बसूनच देतात."

"आमच्या डॅडींना डॉक्टरांनी घरी पाठवलंय, मिस नेल. म्हणजे, आता घरीच ठेवा म्हणालेत." मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आमच्याकडे आदरानं मिसच म्हणतात.

"अजून आहेत तसे," वेड म्हणाला. "तशी घाई नाही."

"घाई नाही काय, वेड?"

"म्हणजे मिस्टर डेल्मरना घाई नाही, असं म्हणत होतो मी."

मार्लीननं त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं. "डॅडी म्हणतात, पेटीला पिकन्सचा हात नसेल तर मला परसातच पुरा."

"परसात सगळा खडक आहे," वेड म्हणाला. "सांगितलंय मी त्यांना."

डेल्मरनं मान हलवली. "येईन मी. पण एक सांगून ठेवतो. तो चेंडू माझ्याकडे नव्हता. लूशस बर्डसॉन्गकडे होता."

भाऊबहिणीनं एकमेकांकडे पाहिलं. आवडत्या भजनाची पहिली ओळ कानावर पडावी तसे दोघांचे चेहरे झाले. मार्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॅडी म्हणालेच होते, तुम्ही असं म्हणाल म्हणून."

"पण डॅडींना फसवता यायचं नाही तुम्हाला," वेड हसत म्हणाला. "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी मैदानाच्या कडेला अंतर मोजायची साखळी धरायला होते ते. अगदी शेवटच्या रेघेपाशी."

डेल्मरनं हातातला ग्लास खाली ठेवला.

त्यांचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, "प्रेंटिस, रेडिओ ऐकलेल्या माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग? पण यानं पाहिलंय. लूशस याच्या नाकासमोरून गेला असणार. लूशसलाच नेऊन समोर उभा केला तर आठवेल."

"आणि आठवलं तर?"

"मग हॉलिस थ्रॅशर सांगेल की. मरायला टेकलेल्या माणसाचा शब्द आपल्याकडे कोणी खाली पडू देत नाही. तो म्हणाला लूशस, की सगळा परगणा म्हणेल लूशस. लूशसच्या डोळ्यांदेखत म्हणेल. तेवढं व्हायला हवं रे. आम्ही दोघंही आता किती दिवसांचे?"

"डेल्मर," नेल आतून म्हणाली, "नळ कुठं गळतो ते तुला चांगलं कळायचं. माणसांचं कधी कळलं नाही."

लूशस नदीपलीकडे डन्स क्रॉसिंगला राहतो. तिथं त्यानं पोस्टमन म्हणून सारी नोकरी काढली. बायको गेल्यापासून एकटाच असतो. डेल्मरशी त्याची मैत्री टिकली. फोनवर दोघं गुडघे, रक्तदाब आणि मुली यांवर तासन्‌तास बोलतात. त्या सामन्याचा विषय लूशस काढत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "होतो मैदानावर." डेल्मरनं त्याला फोनवर सगळं सांगितलं. लूशस म्हणाला, "येतो."

गाडी मी चालवली, कारण डेल्मरचा खुबा आता फार वेळ बसू देत नाही. लूशस इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर हॅट घालून दारात उभाच होता.

"लग्नाला निघाल्यासारखा सजलास," डेल्मर म्हणाला.

"एका गोऱ्या माणसाला मरताना खरं सांगायला जायचंय," लूशस मागच्या सीटवर बसत म्हणाला. "हॅट नको?"

वाटेभर डेल्मर बोलत होता. आधी मी सांगेन, मग तू साखळीचं विचार, मग त्याला आपोआप आठवेल. लूशस खिडकीतून कापसाची शेतं बघत होता. एकदाच म्हणाला, "तू परीक्षेला निघाल्यासारखं करतोयस."

थ्रॅशरांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी दवाखान्यातला पलंग लावला होता. त्यावर हिरवं पांघरूण, आणि पांघरुणाखाली हॉलिस. उरला होता तेवढा. नाकात नळी. मार्लीननं त्याला उशीला टेकवून बसवलं. सगळ्यांना चहा दिला, अक्रोडासारख्या पेकनचा केक कापला. वेड भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"बसू नका, पिकन्स," हॉलिस म्हणाला. आवाज कागद चुरगळल्यासारखा. "उभेच राहा जरा. बघू द्या."

डेल्मर उभा राहिला. मग लूशसच्या दंडाला धरून त्यानं त्याला पलंगाजवळ आणलं. "हॉलिस, माझ्याकडे नका बघू. याच्याकडे बघा. हा लूशस बर्डसॉन्ग. त्या दिवशी तुमच्यासमोरून चेंडू घेऊन गेला तो हा. मी मागं चिखलात पडलो होतो."

हॉलिसनं लूशसकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. डेल्मरनं पलंगाचा कठडा धरला होता. त्याला मी कित्येक दफनांत जवळून पाहिलंय, पण त्याचा असा चेहरा झालेला कधी पाहिला नव्हता.

"अंगावरच आला तो," हॉलिस हळूहळू म्हणाला. "मी साखळी टाकून बाजूला उडी मारली. चिखल उडाला, तोंडात गेला."

"हां. म्हणजे तोंड दिसलं असेल तुम्हाला त्याचं."

"तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. दोन डोळे दिसले." हॉलिस थांबला. मार्लीननं त्याचे ओठ ओल्या कापडानं टिपले. "घरी गेलो तर आमचा बाप रेडिओपाशी उभा. म्हणाला, पिकन्सनं जिंकून दिला. तेव्हा कळलं मला, मी कुणाला पाहिलं ते."

"ते रेडिओचं झालं, हॉलिस. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

"तेच सांगतोय ना. तुम्हाला पाहिलं." आणि तो हसला. हसताना खोकला आला, त्यातूनही हसला. "बघ, वेड. सांगत नव्हतो? मरणाऱ्यापाशीसुद्धा मोठेपणा घेणार नाही हा माणूस."

हॉलिसची नजर पुन्हा लूशसकडे वळली. "यांनाच विचारू. तुम्ही होता ना हो मैदानावर?"

"होतो, साहेब."

"मग सांगा. चेंडू कोणाकडे होता?"

लूशसनं हॅट काढून हातात घेतली. "मी पुढं होतो," तो म्हणाला. "वाट करायचं काम माझं. बॅस्कमचे दोघं आले, त्यांना आडवं केलं आणि मीही पडलो. तोंड चिखलात. डेल्मरनं माझ्यावरून उडी मारली."

"लूशस," डेल्मर म्हणाला.

"उडी मारताना त्याचा बूट माझ्या पाठीला लागला. अजून थंडीत दुखतं तिथं. मान वर केली तोवर तो पार गेला होता. नुसता आरडाओरडा ऐकू येत होता."

सांगितलं ते अक्षरन्‌अक्षर घडलेलं होतं. माणसं तेवढी बदलली होती. हॉलिसनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधान म्हणायचं नाही तर दुसरा शब्द माझ्याकडे नाही. वेड भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होता. मार्लीननं लूशसचे दोन्ही हात हातात घेतले. "मोठ्या मनाची माणसं तुम्ही," ती म्हणाली. "दोघंही."

परतीच्या वाटेवर बंद पडलेली सूतगिरणी मागं पडली.

"का?" डेल्मर समोर बघतच म्हणाला.

"का म्हणजे?"

"तुझं होतं ते. आज मिळत होतं."

"कुठं मिळत होतं? त्यानं पाहिलं माझ्याकडे. तू जसा बघत होतास ना त्याच्या डोळ्यांत, तसा मीही बघत होतो. काही नव्हतं तिथं, डेल्मर."

"पण आपण खरं सांगत राहिलो असतो तर—"

"तू सांगतच आलायस की. तुझ्याइतका खरं बोललेला माणूस या परगण्यात नाही." लूशसचा आवाज चढला नव्हता. पत्ता वाचून दाखवावा तसा तो बोलत होता. "त्या जेवणावळीत तू माझं नाव घेतलंस आणि सगळे उठून उभे राहिले. कोणासाठी राहिले?"

डेल्मरनं खिडकीची काच खाली केली.

"मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. मीही उठलो. बसून राहणं बरं दिसलं नसतं. टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेव्हापासून तू दर खेपेला माझं नाव घेतोस आणि दर खेपेला तूच वीतभर वाढतोस. पत्रं टाकायला जायचो ना, तिथं बायका विचारायच्या, पिकन्स ज्यांना श्रेय देतात ते बर्डसॉन्ग तुम्हीच का हो? म्हणजे मी कोण? तर तुझा चांगुलपणा."

"मला तसं नको होतं कधी."

"ठाऊक आहे. नको असणाऱ्यालाच तर देतात. म्हणून आज म्हटलं, एकदा मी तुझं नाव घेऊन बघतो, काय होतं ते. तर मलाही थोडं मिळालं. मोठं मन म्हणाली ती पोरगी. चेंडू नेला त्याचं काही नाही, दिला त्याचं मात्र मिळालं."

मी आरशातून मागं पाहिलं. तो हसत नव्हता.

"मग मी करू काय?" डेल्मरनं विचारलं.

"माझं नाव घेणं बंद कर."

"म्हणजे खोटं बोलू?"

"मी आज बोललो. जमतं."

लूशसच्या दारात गाडी थांबवली. तो उतरला, खिडकीपाशी येऊन डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेला.

हॉलिस त्याच आठवड्यात गेला. शनिवारी सामना होता, म्हणून दफन गुरुवारी केलं. डेल्मरनं पुढची डावी कडी धरली. खुबा दुखत होता, पण चाल चुकली नाही. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेलं चिकन, भरलेली अंडी, शेंगा, तीन-चार तऱ्हेचे केक. वेड आपल्या जॉर्जियाच्या मामांना घेऊन आला. मामांच्या मागं आणखी आठदहा माणसं ताटं घेऊन गोळा झाली.

"मिस्टर डेल्मर, मामांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी चेंडू कोणाकडे होता?"

सगळे ओठांवर हसू तयार ठेवून उभे होते. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. डेल्मरनं ताट टेबलावर ठेवलं.

"माझ्याकडे होता," तो म्हणाला.

कोणाच्या तरी ताटातला चमचा खाली पडला. वेडला वाटलं ही थट्टा आहे. तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. "आणि ते... दुसरे?"

"दुसरं कोणी नव्हतं. मी पळालो आणि मी जिंकून दिला."

मामा म्हणाले, "असं होय," आणि अंड्यांकडे वळले. गोळा झालेली माणसं एकेक करत पांगली. मार्लीन लांबून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, बापाच्या पेटीपाशी नव्हतं इतकं दुःख होतं. निघताना तिनं नेलला मिठी मारली आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की म्हातारपणी डेल्मर पिकन्सच्या डोक्यात हवा गेली. न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, मोठेपणा पचवता येणं अवघड असतं. कोणी म्हणे, मला आधीपासून शंका होती, इतका नम्र माणूस नसतोच. नवे पाद्रीबाबा म्हणाले, वय माणसातलं जे उत्तम तेच आधी काढून घेतं, आपण प्रार्थना करू. एकानंही असं म्हटलं नाही की चेंडू त्याच्याकडे नव्हता.

डिसेंबरात गावचे जुने किराणावाले वारले. निधनवार्तेत पेटी उचलणाऱ्यांची नावं होती, त्यांत डेल्मरऐवजी शाळेच्या एका जुन्या प्रशिक्षकाचं नाव होतं. डेल्मरनं ओसरीवर बसून ती वार्ता वाचली आणि पेपर माझ्याकडे दिला.

"इतकी वर्षं घसा कोरडा करून खरं सांगितलं," तो म्हणाला, "कोणी धरलं नाही. एकदा खोटं बोललो आणि सगळ्यांना पटलं."

"पटलं, पण आवडलं नाही," मी म्हणालो.

"ते वेगळं."

"लूशसला कळवलंस?"

"कळवलं. त्याच दिवशी रात्री फोन केला. म्हटलं, बोललो बाबा तू म्हणालास तसं."

"काय म्हणाला?"

"बरं, म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच. मग गुडघ्याचं विचारलं."